ओटीवरचं, अंगणातलं, गच्चीवरचं फर्निचर: आगोटीपासून दिवाळीपर्यंतची निगा

लाकडी बाक भिजला तर फारसं बिघडत नाही. भिजलेल्या बाकाला वाळायला वाव मिळाला नाही की बिघडतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच मुक्काम करून राहिला की बुरशी धरते आणि लाकूड आतून मऊ व्हायला लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवा चार महिने ओलीच असते. म्हणून पाणी कुठे साचतं, कुठल्या फटीत शिरून बसतं आणि त्याला बाहेर पडायला वाट आहे की नाही, हे बघणं म्हणजे निम्मी निगा झाली. उरलेली निम्मी उन्हापासूनची.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ती किनाऱ्याजवळची घरं आणि ती मंडळी, ज्यांनी नुकतंच गावचं घर दुरुस्त करून ओटीवर झोपाळा टांगलाय, किंवा शहरात गच्चीवर पहिल्यांदाच दोन खुर्च्या आणि एक टेबल मांडलंय. घाटावर पाऊस कमी आणि ऊन कडक. विदर्भात तर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे कुजण्यापेक्षा भेगांचा त्रास मोठा. कामं तीच, भर कशावर द्यायचा तेवढं बदलतं.

कधी करायचं

वर्षातून दोनदा. मोठं काम पावसाआधी, म्हणजे आगोटीच्या दिवसांत, आणि लहान काम पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात. आगोटीचं काम मेअखेरवर ढकलू नका. तेल किंवा रंग लावल्यावर तो नुसता हाताला कोरडा लागून भागत नाही, आतून घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यात वळवाचा पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करून मेच्या मध्यापर्यंत हात धुऊन मोकळं व्हावं.

आधी ओळखा, कशाचं आहे

लाकूड सागवानी असेल तर बरीच काळजी मिटली. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहजी धरत नाहीत. पण हा गुण गाभ्याचा आहे. गाभ्याच्या बाहेरचा जो फिकट, पांढरट पट्टा असतो त्यात तो नाही. बाक उलटा करा आणि खालून फळ्या बघा. कडेला असा फिकट पट्टा दिसला तर तिथे खडूने खूण करून ठेवा, कारण कीड लागली तर पहिली तिथे लागणार. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळं असतं, पुढे तांबूस तपकिरी होतं. कोकणातल्या घरांत ते पिढ्यान् पिढ्या वापरात आहे आणि आडोशाला छान टिकतं. आंबा, रबरवुड, पाइन ही लाकडं उघड्यावर ठेवायची नाहीत, कितीही तेल लावा. प्लायवूड घ्यायचंच असेल तर त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा. तो शिक्का मुख्यतः थर चिकटवणारा डिंक पाण्यात टिकेल हे सांगतो, कापलेल्या कडा मात्र तुम्हालाच बंद कराव्या लागतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, एका पावसात फुगतात, त्या बाहेर नकोच.

धातू ओळखायला चुंबक न्या. चिकटलं तर लोखंड. ॲल्युमिनियमला चिकटत नाही आणि ते वजनालाही हलकं लागतं. स्टेनलेस स्टील असेल तर दुकानदाराला नंबर विचारा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ३०४ नंबरच्या स्टीलवर चहाच्या रंगाचे डाग पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत जास्त तग धरतं. समुद्र दिसत असेल अशा घरात स्क्रू आणि बोल्ट तरी ३१६ चे किंवा पितळी घ्यावेत.

वेताची खुर्ची खऱ्या वेताची की प्लास्टिकच्या पट्टीची हे वरून बघून कळत नाही. खालच्या बाजूला कुठेतरी कापलेलं टोक शोधा. खऱ्या वेताच्या टोकावर बारीक बारीक छिद्रं दिसतात, प्लास्टिकचं टोक सपाट आणि एकसंध असतं. दोन्हींची निगा अगदी वेगळी आहे, म्हणून हे आधी बघून घ्यायचं.

धुणं आणि वाळवणं

लाकूड धुवायला कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण किंवा रिठ्याचं पाणी आणि नारळाचा काथ्या पुरतो. घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवं नाही. तारेचा ब्रश आणि लोखंडी घासणी लाकडाला लावू नका. त्यांचे बारीक कण लाकडात अडकतात, ते गंजतात आणि लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी मिळून काळे डाग पाडतात. सागावर खिळ्याभोवती जो काळा वलयाचा डाग दिसतो तो यामुळेच. हा डाग घालवायला ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी चालतं. हातमोजे घालून लावायचं, दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवायचा, कारण ते विषारी आहे. ब्लीचिंग पावडर आणि कुठलंही ॲसिड एकत्र करू नका, एकामागोमाग एक तशीच ओतूही नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू घातक असतो.

गाडी धुवायचा प्रेशर पंप बाकावर धरण्याचा मोह होतो. तो टाळावा. रेषांमधला मऊ भाग त्याने खरवडून निघतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. मग त्या खाचांत पाणी जास्त राहतं.

धुतल्यावर सावलीत, वारा लागेल अशा जागी, दोन-तीन दिवस वाळू द्या. भर दुपारच्या उन्हात ओलं लाकूड ठेवलं तर वरचा थर आतल्यापेक्षा झटकन आकसतो आणि भेगा पडतात. वाळलं की नाही हे वरच्या फळीवर हात फिरवून ठरवू नका. जोडाच्या आत, पायांच्या तळाला बोट लावून बघा. शेवटी तिथलं पाणी जातं.

टोचून बघा

हातात टोच्या किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि पायांचे तळ, जोड, हाताच्या दांड्याचं खालचं अंग, बैठकीच्या फळ्या जिथे चौकटीला टेकतात ती जागा, सगळीकडे हलकेच टोचा. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग कुजलाय. दोन-तीन मिलिमीटरच असेल तर खरवडून काढून टाका. पाय तळापासून बोटभर मऊ झाला असेल तर सुताराकडून तेवढा कापून नवा तुकडा जोडून घ्या. वरून रंग मारून झाकू नका, आत ओल तशीच राहील.

डगमगणारा जोड नुसता खिळा ठोकून आवळायची पद्धत सगळीकडे दिसते. त्याने जोड आठवडाभर बरा वाटतो, मग लाकूड चिरतं आणि चिरेतून पाणी आत. जोड सुटा करा, जुना वाळलेला सरस खरवडून काढा, आणि पाण्यात टिकणारा सरस किंवा इपॉक्सी लावून दोरीने घट्ट आवळून चोवीस तास ठेवा. घरात वापरतो तो साधा पांढरा सरस बाहेर विरघळतो. गंजलेले लोखंडी स्क्रू याच वेळी काढून पितळी घालावेत. पितळी स्क्रू मऊ असतो, आधी ड्रिलने भोक पाडून घ्या, नाहीतर डोकं तुटतं.

घासकाम

दरवर्षी पॉलिश पेपर लावायची गरज नाही. लाकूड खडबडीत झालं असेल, जुनं पॉलिश सोलवटलं असेल, तरच. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी १८०, तेवढं पुरे. बाहेरच्या लाकडाला आरशासारखं गुळगुळीत करण्यात अर्थ नसतो, फार गुळगुळीत केलेलं लाकूड तेल कमी पितं. घासताना नाकाला रुमाल बांधा, सागाच्या भुशाने काहींना अंगावर खाज उठते.

साग उन्हात राखाडी होतो याची काळजी करू नका. उन्हातले अतिनील किरण लाकडाच्या अगदी वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, मोडतात, ते पावसाने धुऊन जातं आणि उरतो तो रुपेरी रंग. आतलं लाकूड शाबूत असतं. तो रंग तुम्हाला आवडत असेल तर खुशाल राहू द्या, फक्त धुणं आणि जोड बघणं चालू ठेवा.

तेल: सगळ्यात जास्त घोळ इथे होतो

माझं मत स्पष्ट आहे. उघड्यावरच्या लाकडाला वरून पापुद्र्यासारखा बसणारा लेप देऊ नये, आत मुरणारं तेल द्यावं. चपड्याचं फ्रेंच पॉलिश पाणी लागलं की पांढरं पडतं, ते घरातल्या कपाटाला. मेलामाइन पॉलिशही घरातल्याच वापराचं. वार्निश बाहेरच्या वापराचं मिळतं आणि पहिल्या वर्षी सुरेख दिसतं. पण लाकूड दर ऋतूत फुगतं-आकसतं, लेपाला कुठेतरी केसाएवढी भेग जाते, तिथून पाणी आत शिरतं आणि लेपाखाली अडकून बसतं. मग ते काढायला अख्खा बाक घासावा लागतो. तेल लावलेलं लाकूड फिकं पडलं तर धुऊन पुन्हा एक हात मारला की झालं.

पण कुठलं तेल? घरातलं खोबरेल लावणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या दिवशी लाकूड चमकतं, म्हणून समाधान होतं. खोबरेल, तिळाचं, शेंगदाण्याचं तेल हवेत वाळून कडक होत नाही. ते चिकट राहतं, धूळ धरतं, आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. जवसाचं तेल वेगळं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या छिद्रांत बसून राहतं. त्यातही कच्चं जवसाचं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. म्हणून दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल असं नाव सांगून मागा.

लावायची रीत अशी. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं मिसळा, पातळ मिश्रण खोल जातं. चार फुटी बाकाला पाव लिटर मिश्रण साधारण पुरतं. जुन्या सुती कापडाने किंवा ब्रशने लावा, रेषांच्या दिशेने. पंधरा-वीस मिनिटं थांबा. लाकडाने जेवढं प्यायचं तेवढं प्यायलेलं असतं. आता कोरडं कापड घेऊन वर राहिलेलं तेल पुसून काढा, अगदी रगडून. नवखे हीच पायरी गाळतात. वर राहिलेलं तेल वाळून चिकट साय धरतं, बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतं आणि पावसात काळं पडतं. एक-दोन दिवसांनी दुसरा हात, या वेळी तेल जास्त आणि टर्पेंटाइन थोडं. पुन्हा पुसायचं. लाकूड अजूनही तेल ओढत असेल तर तिसरा हात.

दमट हवेत जवसाच्या तेलावरही बुरशीचे काळे ठिपके येऊ शकतात, हे खरं आहे. हात पातळ ठेवले आणि पावसाआधी पुरेसे दिवस मिळाले तर त्रास कमी होतो. बाक पूर्ण उघड्यावर, डोक्यावर काहीच नाही असा असेल तर बुरशीनाशक आणि रंगद्रव्य घातलेलं, खास बाहेरच्या लाकडाचं तयार तेल घ्यावं. महाग पडतं, पण त्यातलं रंगद्रव्य ऊनही अडवतं. अगदी बिनरंगाचं तेल उन्हापासून फारसं वाचवत नाही.

आता अगदी गांभीर्याने सांगण्याची गोष्ट. जवसाच्या तेलात भिजलेली कापडं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, बोळ्यात ती कोंडते आणि कापड आपोआप पेट घेतं, कुणी काडी न लावता. कापडं उलगडून बाहेर दोरीवर एकेरी वाळत घाला आणि कडक झाल्यावरच टाका, किंवा लगेच पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. घरात, कचऱ्याच्या पेटीत किंवा गोठ्याच्या आसपास नकोत.

फळीच्या आणि पायाच्या टोकांना, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, तिथे निराळी वागणूक हवी. लाकडातल्या नळ्या तिथे उघड्या असतात आणि त्या टोकातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी झपाट्याने वर चढतं. खुर्चीचे पाय बहुधा तळापासूनच का कुजतात याचं हे कारण. चारी पायांखाली चार जुन्या बशा ठेवा, प्रत्येकीत अर्धा सेंटिमीटर तेल ओता आणि खुर्ची रात्रभर तशीच उभी ठेवा. सकाळी बशा बघा. जुन्या, कोरड्या लाकडाच्या पायाखालची बशी जवळजवळ रिकामी झालेली असते आणि पाय तळापासून दोन-तीन बोटं वर गडद झालेला दिसतो. ज्या पायाखालची बशी तशीच भरलेली आहे तो अजून ओला आहे असं समजा. तो वाळवून पुन्हा करा.

कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात. वाळवीवर ते चांगलं चालतं आणि पायांच्या तळाला, बाकाच्या खालच्या अंगाला लावायला हरकत नाही. ते कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून हातमोजे हवेतच आणि माणूस बसतो-टेकतो त्या जागेला ते अजिबात लावायचं नाही.

ठेवायची जागा

पाय मातीवर टेकू देऊ नका. वाळवी बहुधा जमिनीतून येते. पायांखाली जांभ्याचे किंवा शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले की पाय कोरडा राहतो आणि वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसते. पाऊसभर आठवड्यातून एकदा तेवढं वाकून बघायचं.

पागोळ्या पडतात त्या रेषेत काही ठेवू नका. वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा जमिनीवर आपटून उडणारं चिखलपाणी वाईट, ते खालच्या जोडांत बसतं. बाक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून वारा खेळला पाहिजे. बैठक किंचित पुढे कललेली असावी, म्हणजे पाणी थांबत नाही. मागच्या पायांखाली पातळ चकती सरकवली तरी तेवढा उतार मिळतो.

झड ओटीवर येत असेल तर नारळीच्या झापांचा आडोसा अजूनही उत्तम. वारा त्यातून जातो आणि पाणी अडतं. ताडपत्री वापरत असाल तर वरून छपरासारखी बांधा, खालून मोकळी सोडा. खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीने करकचून बांधली की आतल्या ओलाव्याला बाहेर जायला वाट उरत नाही. सप्टेंबरात ते उलगडल्यावर आतून बुरशीने पांढरी झालेली खुर्ची निघते.

लोखंड

लोखंडी खुर्च्या-टेबलांवर किनाऱ्यावरचा पहिला शत्रू मीठ. गंज घासण्याआधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा. मीठ तसंच ठेवून वर रंग दिला तर रंगाखाली गंज चालूच राहतो आणि सहा महिन्यांत फुगे येतात. धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, लोखंडाला ऊन चालतं. मग तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, पॉलिश पेपरने घासा, थिनरच्या फडक्याने पुसा. आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावा. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी त्यावर तांबूस धूळ धरलेली असते आणि घासकाम परत करावं लागतं. प्रायमरचे दोन हात, मग ऑइल पेंटचे दोन, प्रत्येक हाताच्या मध्ये एक पूर्ण दिवस. जोड, वेल्डिंगच्या कडा आणि तळ आधी लहान ब्रशने करून घ्या आणि मग मोठी अंगं.

पोकळ पाइपची खुर्ची असेल तर ती उचलून हलवा. आत पाणी वाजलं तर ती आतून गंजतेय. पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी पाच मिलिमीटरचं भोक पाडा, पाणी निघून जाईल. पायांना घातलेली रबरी बुटं वर्षातून दोनदा काढून आत बघा, त्यांच्यात पाणी साठून पाय तिथूनच गळून जातो. पावडर कोटिंगवर ओरखडा गेला तर त्याच आठवड्यात त्या रंगाचा ठिपका द्या, कारण तिथून गंज कोटिंगच्या खालून सरकत जातो. ॲल्युमिनियमच्या खुर्चीत साधे लोखंडी स्क्रू असतील तर दोन धातू आणि खारं पाणी मिळून ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसते. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला.

झोपाळा

झोपाळ्याची निगा पाटापेक्षा कड्यांची. इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. पाट उतरवा आणि कड्या एकेक सुट्या करून हातात घ्या. एक कडी दुसरीत जिथे अडकते तिथे आतल्या बाजूला खळगा पडलेला दिसेल, चकचकीत, बोटाला जाणवणारा. बाहेरून कडी नवी वाटते, झीज आतून होते. तिथली जाडी आणि कडीच्या मधल्या भागाची जाडी ताडून बघा. वजन उचलायच्या साखळ्यांना साधारण दहावा भाग झिजल्यावर निवृत्त करतात, झोपाळ्यालाही तोच हिशेब लावावा. पितळी कड्या सुंदर दिसतात, पण पितळ मऊ असल्यामुळे त्या लवकर झिजतात. तेव्हा त्या जास्त वेळा बघायच्या.

वरचा हूक तुळईत नुसता पिळून बसवलेला असेल तर तो बदलून घ्या. हूकचा दांडा तुळईतून आरपार जाऊन वर चकती आणि नटाने आवळलेला असावा. हूकभोवती तुळईला भेग दिसते का, तिथे टोच्या आत जातो का, हे शिडीवर चढून स्वतः बघा. रोज करकर आवाज येत असेल तर घासणाऱ्या जागी ग्रीसचं बोट लावा आणि बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर पोरांच्या कपड्यांवर काळे डाग. कडीची शंका असेल तेवढे दिवस पाट उतरवून ठेवा. मुलं उभी राहून झोके घेतात तेव्हा कड्यांवर येणारा भार नुसतं बसण्यापेक्षा बराच जास्त असतो.

वेत, बांबू

वेताला अति ऊनही नको आणि सतत ओलही नको. फार वाळला की तो कडकडून तुटतो. वेताच्या जाळीची बैठक सैल पडली असेल तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवा आणि सावलीत वाळू द्या, वाळताना ती पुन्हा ताणली जाते. पावसाळ्यात वेताची खुर्ची सरळ घरात न्यावी. बांबूच्या खुर्चीखाली पिठासारखी भुकटी पडायला लागली तर आत भुंगेरा आहे. टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं पाणी भोकांत आणि टोकांत सोडतात, पण ही द्रव्यं पावसाने धुऊन जातात, म्हणून त्यावर तेलाचा हात हवाच. विणकाम सुटलं असेल तर बुरुडाकडे न्या.

प्लास्टिकच्या खुर्चीवर हात फिरवल्यावर पांढरी पूड लागली तर उन्हाने ते प्लास्टिक ठिसूळ झालंय. तिच्यावर कुंड्या ठेवा, माणसं नको. तिच्यावर उभं राहून पंखा पुसणं तर मुळीच नको. प्लास्टिकच्या वेताला साबणपाणी पुरतं. गाद्या आणि उशा कापसाच्या असतील तर त्या रोज संध्याकाळी आत यायला हव्यात, याला दुसरा इलाज नाही.

जांभ्याच्या कट्ट्यावर आणि कडप्प्याच्या बाकावर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून अर्ध्या तासाने खराट्याने घासा. फरशी पुसायचं ॲसिड कडप्पा आणि शहाबादीवर ओतू नका. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, ॲसिडने त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि खडबडीत दगडावर शेवाळ आणखी लवकर धरतं.

पावसात आणि पावसानंतर

पाऊसभर तेल किंवा रंग लावायला घेऊच नका, ओल्या लाकडावर बसत नाही. श्रावणातली उघडीप मिळाली की खुर्च्या तासभर वाऱ्यावर काढा, सांदीकोपऱ्यात साचलेला पाला झाडून टाका, जोड कोरड्या फडक्याने पुसा. एवढंच.

ऑक्टोबरात ऊन पडलं की सगळं साबणपाण्याने धुवा, आठवडाभर सावलीत वाळवा, टोच्या फिरवा, खडूने खुणा केलेल्या फिकट पट्ट्या पुन्हा बघा आणि तेलाचा एक पातळ हात देऊन पुसा. लोखंडावर जिथे तांबडा ठिपका दिसेल तिथे तेवढाच घासून प्रायमर आणि रंग. सुताराचं काम निघेल असं वाटत असेल तर दिवाळीच्या तोंडापर्यंत थांबू नका, त्या दिवसांत गावातला सुतार सापडत नाही. गणपती झाले की लगेच सांगून ठेवा, आणि लाकूड त्याच्याकडे वाळलेलं असेल असंच काम ठरवा. ओल्या लाकडाचा नवा पाय जोडला तर तो होळीपर्यंत आकसतो आणि जोड पुन्हा सुटतो.